गावात हवामान बदलाचं नाव काढलं की लोक उठून जातात. काय करावं?

धुऱ्यावरून (यवतमाळ) । १४ मे, रात्री ९.५२

राजेहो, जरा मोकळं बोलतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे, सात एकर वावर आहे. गाव कोरडवाहू. पऱ्हाटी (कापूस), सोयाबीन, तूर, बस.

१ मेच्या ग्रामसभेत हवामान बदलावर बोलायला शहरातून एक पाहुणे आले होते. त्यांना आणायची खटपट मीच केली होती, म्हणून जास्त लागलं. पडदा लावला, प्रोजेक्टर लावला. पहिलंच चित्र बर्फावरच्या पांढऱ्या अस्वलाचं. मागून एक म्हातारी म्हणाली, "आपल्या इकडलं अस्वल त काळं रायते बाप्पा, हे कुठलं धरून आणलं?" सगळे हसले आणि सभा तिथेच संपली म्हणा ना. पाहुणे पुढे कार्बन उत्सर्जन, जागतिक सरासरी, शाश्वत विकास असं बोलत राहिले. शेवटी मोजली तर सतरा डोकी उरली होती, त्यातली पाच ग्रामपंचायतीची.

गंमत पुढे आहे. आदल्या दिवशी अक्षय तृतीया होती, त्यामुळे त्याच सकाळी भेंडवळच्या घटमांडणीचं पाऊस-पिकाचं भाकीत आलं होतं. सभेतून उठलेली तीच मंडळी पारावर बसून दीड तास त्यावर बोलत होती. चार महिन्यांच्या चार ढेकळांचं काय झालं, घटातलं कोणतं धान्य जागचं हललं, करव्यातलं पाणी किती राहिलं. मोबाइल हातोहात फिरत होता.

म्हणजे यांना पावसाचं सोयरसुतक नाही असं अजिबात नाही. रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. मग 'हवामान बदल' म्हटलं की कान का बंद होतात? कोणी आपल्या गावात काही करून पाहिलं असेल तर सांगा. पुस्तकी सल्ला नको, तो माझ्याकडे पोतंभर पडला आहे.

नवतपा (नागपूर) । १४ मे, रात्री १०.३०

लोकांचा दोष कमी, आपला जास्त. २०२४च्या मे अखेरीस नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती, आठवतं? अर्ध्या तासात ती प्रत्येक ग्रुपवर. हवामान खात्याने नंतर सांगितलं की तो सेन्सरचा बिघाड होता. खुलासा कोणी वाचला? आमच्या गल्लीत अजून लोक '५६ वाली गर्मी' म्हणतात. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ चा आहे, २३ मे २०१३ चा. पण ज्याने ५६ ऐकलं त्याला ४६ सांगा, तो म्हणतो, "हात्तीच्या, एवढंच?"

सनसनाटी आकडा एकदा खोटा निघाला की खरा आकडाही बदनाम होतो.

कास्तकार_माणूस (वाशीम) । १५ मे, सकाळी ६.१०

मी बोलू का सरळ? राग नका मानू.

विदर्भात ऊन नाई त काय बर्फ पडन? आमच्या आज्याच्या टायमाले बी दुष्काळ होता. बहात्तरले लोकायनं मिलो ज्वारी खाल्ली, खडी फोडली. तवा कोणता कार्बन होता? अन् समजा बदललं हवामान. मी काय करू? मी का विमान उडवतो? माह्या घरी एक पंखा, तो बी लाईन असली त. चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं थर्मल उभं हाय, कोयसा आमचा, धूर आमचा, वीज मुंबईले. तिकडं जाऊन प्रोजेक्टर लावा ना. आमच्या ग्रामसभेत कायले?

संत्रा_बहार (वरुड) । १५ मे, सकाळी ९.०५

कास्तकार भाऊ, धूर कोणाचा ते नंतर पाहू. आमचा हिशेब ऐका. संत्र्याच्या मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, तेव्हा मृगाच्या पावसावर फूल निघतं. आता मेमध्येच पाऊस येऊन जातो. ताण तुटला की झाड नुसती पालवी फेकतं. आंबिया, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा बहार, धरला तर फुलोऱ्यात गारपीट, पुढे फळगळ. बोअर पाचशे फुटांच्या खाली गेलेत ते वेगळंच. इथे कोणाला जागं करायची गरज नाही, झोपच लागत नाही.

मोजमाप (मूळ अकोला, सध्या पुणे) । १५ मे, दुपारी १.४०

@कास्तकार_माणूस, तुमचे दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला: दुष्काळ आधीही होते. होतेच. पण पाऊस किती पडतो याच्याइतकंच तो कसा पडतो हेही पाहावं लागतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळातला मध्य भारतातला पाऊस तपासला, २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. दिवसाला १५० मिमीच्या वर आणि मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी कोसळणारा पाऊस या काळात तिप्पट झाला. मोसमातला एकूण पाऊस मात्र घटला. कारण समजायला अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. मडकं मोठं झालं असं समजा. भरायला जास्त दिवस लागतात, तो आपला खंड. आणि फुटलं की सगळं एकदम अंगावर.

दुसरा: माझा दोष काय? तुमचा जवळपास नाहीच. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत १४ च्या आसपास, आणि आपल्या २ टनांच्या सरासरीतही शहरातला एसीवाला आणि तुमचा एक पंखा एकत्र मोजलाय. म्हणून गावात जाऊन 'दिवे बंद करा' म्हणणं हा चावटपणा आहे. लोक त्यालाच कंटाळलेत असं मला वाटतं.

हा धागा काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. येल विद्यापीठाच्या भारतातल्या पाहणीचा अहवाल २०२२ मध्ये आला. ५४ टक्के लोकांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढीबद्दल त्यांना थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही. पण ती काय असते हे थोडक्यात सांगून विचारल्यावर ८४ टक्के म्हणाले की हो, हे होतंय. तुमच्या त्या म्हातारीला शब्द माहीत नाही. गोष्ट तिला तुमच्या पाहुण्यापेक्षा जास्त माहीत असणार.

मास्तर_निवृत्त (अमरावती) । १५ मे, रात्री ८.१५

अस्वलाचा किस्सा वाचून हसू आवरलं नाही.

आपल्याच मातीत याचं उत्तर होऊन गेलं आहे. गाडगेबाबा. १८७६ साली शेंडगावला जन्म, शाळेचं तोंड पाहिलं नाही. गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कोणाशी एक शब्द न बोलता. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला प्रश्न पडलेला असे की हा कोण वेडा. मग रात्री कीर्तन. त्यातही उपदेश कमी आणि प्रश्न जास्त. प्रश्न टाकायचे, लोकांकडून उत्तर वदवून घ्यायचे, आणि त्या उत्तरात लोक स्वतःच सापडायचे. तीस-पस्तीस वर्षं मी वर्गात हेच करायचा प्रयत्न केला, अर्धा जमला.

तुमच्या पाहुण्यांनी झाडलं काहीच नाही, थेट कीर्तनालाच उभे राहिले.

नवतपा (नागपूर) । १५ मे, रात्री ८.४०

सर, पण गाडगेबाबा एकच होते. आपल्याकडे सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानाची भिंत रंगवणारे आणि ३३ कोटी झाडांच्या मोहिमेत मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात रोप लावून फोटो काढणारे आहेत. लोकांनी हे सगळं पाहिलंय. म्हणून तर उठून जातात.

आशाताई (चंद्रपूर) । १६ मे, दुपारी ३.२०

मी आशा वर्कर आहे. नाव, गाव लिहीत नाही.

आमच्याकडे पुरुष मंडळींना पाऊस दिसतो, बायांना ऊन दिसतं. सभेला पुरुष जातात म्हणून चर्चा पावसाचीच होते.

आधी घरं कवेलूची होती, मातीच्या भिंती, उंच माळा. आता घरकुलं आली, सिमेंटची, वर सपाट स्लॅब नाहीतर टिनाचे पत्रे. चांगली आहेत, पावसात गळत नाहीत, मी वाईट म्हणत नाही. पण मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडतो. घरात चूल. लहान लेकरू, बाळंतीण, लकवा झालेली सासू आतच. पुरुष अंगणात नाहीतर पारावर झोपतो, बाई कुठं झोपेल? तेंदूपत्त्याच्या सीझनला बाया पहाटे चारला जंगलात जातात, दहाला परत येऊन पुडे बांधायला बसतात. लघवीला जागा नाही म्हणून पाणी कमी पितात. मग जळजळ, चक्कर, ताप. विचारलं तर म्हणतात, "नवतपाच हाय, चालाचंच." नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस.

मागच्या वर्षी मी हवामान बदलाचं नावही घेतलं नाही. बचत गटाच्या बैठकीत थर्मामीटर घेऊन गेले. साधा, भिंतीवर लावायचा. म्हटलं, रोज रात्री दहाला प्रत्येकीने आपल्या घरातला आकडा पाहायचा, थर्मामीटर घरोघरी फिरवायचा. एका आठवड्यात बायांनी स्वतःच यादी केली, कोणाचं घर सगळ्यात तापतं. ज्या दोन घरांनी स्लॅबवर चुना मारला होता ती यादीत सगळ्यात खाली होती. पुढच्या आठवड्यात चुन्याच्या पिशव्या कोणी आणायच्या यावर भांडण सुरू झालं. मला काही बोलावंच लागलं नाही.

सगळीकडे असं होईल असं नाही. शेजारच्या पाड्यावर तोच थर्मामीटर एका पोराने फोडला आणि विषय संपला.

धुऱ्यावरून (यवतमाळ) । १६ मे, रात्री १०.०५

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. घरी वाचून दाखवली. बायको म्हणाली, "तुमच्या सभेत आमाले खुर्चीच नव्हती." खरं आहे.

बोडीवाला (गोंदिया) । १७ मे, सकाळी ७.३०

आमच्या धानपट्ट्यातलं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले, दोन-तीनशे वर्षं चालले. पाळ कोणी बुजवायची, पाटाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी, ढिवरांनी मासे कधी धरायचे, सगळं ठरलेलं. १९५० नंतर मालगुजारी (जमीनदारी) गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला ते बरंच झालं, माझा आजा त्याच्याकडे वेठीला होता. पण त्याच्याबरोबर 'हे आपलं' हेही गेलं. पाळीला भोक पडलं तर लोक म्हणायला लागले, साहेबाला सांगा. गाळ साचत गेला, बेशरमाची झुडपं माजली, निम्म्या तलावात आता अतिक्रमणाचं धान उभं असतं.

तुम्ही ज्याला उदासीनता म्हणता ती मला इथून सुरू झालेली दिसते. माणूस जे त्याच्या हातात आहे त्याचीच काळजी करतो. रोवणीच्या वेळी पंधरा दिवस खंड पडला की पऱ्हे (धानाची रोपं) वाळतात, तेव्हा तलावात पाणी असेल तर गाव वाचतं. गाळ काढायला माणसं येतात, पर्यावरण दिनाला कोणी येत नाही.

कास्तकार_माणूस (वाशीम) । १७ मे, सकाळी ८.००

हे बोलले बोडीवाले. पटलं.

कुरखेड्याचा (गडचिरोली) । १७ मे, रात्री ९.१५

मेंढा-लेखाचं नाव इथे कसं नाही आलं? 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. २००९ मध्ये १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी. लोकांना घोषणा आठवते, बांबू आठवतो. पण त्याच्या मागे वर्षानुवर्षं चाललेले अभ्यासगट होते, ते कोणी सांगत नाही. गावातली माणसं आणि एखादा बाहेरचा जाणकार एकत्र बसायचे, एकेका विषयाचा कीस काढायचे. बाहेरचा माणूस माहिती द्यायचा, निर्णय ग्रामसभेचा, तोही सगळ्यांच्या सहमतीने, बहुमताने नाही. एकजण अडला तर थांबायचं.

वेळ लागतो. दीड तासाच्या प्रोजेक्टरात बसत नाही.

मोजमाप (मूळ अकोला, सध्या पुणे) । १८ मे, सकाळी ११.२०

@धुऱ्यावरून, आशाताईंच्या थर्मामीटरवरून सुचलं. तुमच्याकडे पर्जन्यमापक करा. दहा रुपयांचं काम आहे. सरळ उभ्या अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या, मानेखाली कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. तोंड आणि अंग एकाच रुंदीचं असलं की बाटली लहान की मोठी याने फरक पडत नाही, आत जितके मिलिमीटर पाणी उभं राहील तितका पाऊस. बूड वेडंवाकडं असतं म्हणून तळाशी खडे आणि पाणी घालून शून्याची रेघ मारा, तिथून वर पट्टी चिकटवा. घर, झाड यांच्यापासून लांब, उघड्यावर. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खात्याची वेळही तीच. आणि आकडा फळ्यावर लिहायचा, जिथे सगळे येतात तिथे.

धुऱ्यावरून (यवतमाळ) । १८ मे, दुपारी २.१०

हे करतो. याला आमच्याकडे एक जखम पण आहे. महसूल मंडळाच्या केंद्रात २४ तासांत ६५ मिमीच्या वर नोंद झाली की अतिवृष्टी धरतात. आमचं मंडळ अकरा किलोमीटरवर. गेल्या सप्टेंबरात आमच्या नाल्याचं पाणी शाळेत शिरलं, वावरं खरडून गेली, आणि तिथे नोंद ५१, म्हणजे कागदावर अतिवृष्टी नाहीच. गावाला अजून तो आकडा तोंडपाठ आहे. ५१ म्हटलं की शिव्या ऐकायला मिळतात.

धुऱ्यावरून (यवतमाळ) । २१ जून, रात्री ९.३०

उशिरा लिहितोय, हंगाम आहे.

बाटली दुकानापुढे खांबाला बांधली, शेजारी फळा. मेच्या शेवटी पाऊस झाला, फळ्यावर ३८ लिहिलं. मास्तर सरांचं ऐकून भाषण दिलं नाही, खाली फक्त एक प्रश्न लिहिला: 'पेरायला किती लागतो?' दिवसभर लोक वाद घालत होते. कोणी म्हणे वीतभर ओल, कोणी म्हणे मृग लागला की पेरा. कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिमी झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, हे मी गेली आठ वर्षं दुकानात सांगतोय. कधी कोणी ऐकलं नाही, कारण सांगणारा बियाणं विकणारा. आता आकडा बाटली सांगत होती.

मृगाच्या सुरुवातीला फळ्यावर बेरीज ५२. निम्म्या गावाने पेरलं, निम्मं थांबलं. मग बारा दिवस कोरडे. पेरलेल्यांतल्या बऱ्याच जणांचं सोयाबीन जमिनीतच करपलं. दुबार पेरणी, परत बॅग, परत उसनवारी. थांबलेले लोक पारावर मिशीला पीळ देत बसले.

पण खोटं नाही लिहिणार. आमच्याकडचा एकजण सगळ्यांच्या आधी पेरून मोकळा झाला आणि त्याचं जमलं. त्याचं वावर नाल्याकाठी, भारी काळी जमीन, ओल धरून होती. तो रोज फळ्यासमोर उभा राहून म्हणतो, "पुस अजून तुह्या बाटलीले."

नवतपा (नागपूर) । २१ जून, रात्री ९.४१

म्हणजे सगळ्याच गावाची दुबार पेरणी झाली असती तर तुमच्याच दुकानातून दुप्पट बॅगा खपल्या असत्या. स्वतःच्या पोटावर पाय देणारा पहिला कृषी केंद्रवाला पाहिला.

धुऱ्यावरून (यवतमाळ) । २१ जून, रात्री ९.५५

दुप्पट खपल्या असत्या, पण अर्ध्या उधारीवर. उधारी दिवाळीलाही येत नाही. माझा स्वार्थच आहे यात.

मास्तर_निवृत्त (अमरावती) । २२ जून, सकाळी ७.००

प्रश्न लिहिलात हे उत्तम केलंत. आता फळा शाळेतल्या मुलींना लिहायला द्या. तुम्ही लिहाल तोवर तो दुकानाचा फळा आहे.

धुऱ्यावरून (यवतमाळ) । १२ जुलै, रात्री १०.४०

सर, दिला. सातवीतल्या दोन मुली लिहितात. त्यांनी स्वतःच बाजूला दुसरा रकाना काढला, मंडळाचा आकडा. तो मोबाइलवर पाहून लिहितात. ८ तारखेला आपला ८१, मंडळाचा ४४. सकाळी नऊला फळ्यासमोर पन्नास माणूस. १ मेच्या सभेत सतरा होते.

गणितही मुलींनीच मांडलं. एक मिमी पाऊस म्हणजे एकरी चार हजार लिटर. ८१ मिमी म्हणजे एका एकरावर सव्वातीन लाख लिटर, एका रात्रीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, एवढं पाणी गेलं कुठं? नाल्यात. आणि बरोबर काय घेऊन गेलं? त्यावर कोणी बोललं नाही, सगळ्यांना आपापला धुरा (बांध) आठवला असणार. तिथून बोलणं रुंद वरंबा-सरीवर गेलं, जास्त पाऊस सरीतून निघून जातो, कमी असला तर मुरतो. त्यासाठीचं ट्रॅक्टरचं यंत्र, बीबीएफ, पुढच्या हंगामाला गटाने घ्यायचं असं चाललंय. चाललंय म्हणजे बोलणं चाललंय.

तलाठ्याकडे आकडे घेऊन गेलो होतो. चहा पाजला आणि म्हणाले, बाटलीला कागदोपत्री किंमत नाही. मला ते माहीतच होतं. गावातल्या लोकांना मात्र त्याचा इतका राग आला की आता ग्रामसभेत ठराव घ्यायचाय, गावात अधिकृत केंद्र द्या म्हणून. हा ठराव मी मांडलेला नाही, ही माझी कमाई.

मोजमाप (मूळ अकोला, सध्या पुणे) । १३ जुलै, सकाळी १०.००

छान. एक सावधगिरी. एका वर्षाच्या बाटलीतून हवामान बदल सिद्ध होत नाही. ८१ आणि ४४ मधला फरक हा पावसाचा जुना स्वभाव आहे, एका धुऱ्यावर पडतो दुसऱ्यावर नाही. बदल पाहायचा तर तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी लागतात. मुलींना हे सांगा, नाहीतर ५६ अंशांचंच होईल.

कास्तकार_माणूस (वाशीम) । १३ जुलै, रात्री ८.३०

नोंदी पाह्यजे म्हणता त माह्या घरी एक वही हाय. लाल कपड्यातली, सावकारी बही असते तशी. माह्या बापानं १९६९ पासून लिहेल हाय. मोठं काई नाई. पयला पाऊस कवा, पेरलं कवा, दुबार असन त दुबार, पयला वेचा कवा, गार पडली कवा. नक्षत्रावर लिहेल हाय, तारखा नाई. बाप २०११ ले गेला, मंग म्या लिहिलं, कवा लिहिलं कवा नाई.

मोजमाप (मूळ अकोला, सध्या पुणे) । १३ जुलै, रात्री ८.३४

भाऊ!! ती वही सोनं आहे. हात जोडतो, पानांचे फोटो काढून ठेवा. इथे टाकू नका, फक्त जपा. उदई लागायच्या आत.

कास्तकार_माणूस (वाशीम) । १९ जुलै, रात्री ९.००

पोरीनं फोटो काढले. बसून मोजलं आमी दोघायनं. पयल्या वीस वर्षांत 'दुबार' तीन वेळा लिहेल हाय. मागच्या वीस वर्षांत जेवढं लिहेल हाय त्यात नऊ वेळा, अन् मधात मी चार वर्षं लिहिलंच नाई. पेरणीचं नक्षत्र फारसं हललं नाई, मृग नाईत आर्द्रा. पन स्वातीत पाऊस म्हणून बापानं एका जागी 'मोती' लिहेल हाय, खुशीत. आता स्वातीत आला की सोयाबीनच्या गंजीले कोंब फुटते अन् बोंडं काळी पडते. मोती कायचे?

आता मी मानतो असं नका समजू. बियाणं बी बदललं ना. पयले देशी पऱ्हाटी होती, सोयाबीन नव्हतंच. वहीत कार्बन कुठं लिहेल नाई.

मोजमाप (मूळ अकोला, सध्या पुणे) । १९ जुलै, रात्री ९.२०

बियाण्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पीक बदललं की वहीचा अर्थही बदलतो. शास्त्रज्ञ हेच विचारतील.

बोडीवाला (गोंदिया) । २० जुलै, सकाळी ६.५०

दिवाणजीची वही आमच्याकडे पण होती, तलावाची. पुरात गेली.

आशाताई (चंद्रपूर) । २४ ऑगस्ट, रात्री ९.००

पोळा झाला. तान्ह्या पोळ्याला आमच्या पोरांनी मारबत (इडापिडेचा पुतळा) काढली, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या लावून. "रोगराई, खोकला-खासी, ऊन-लू घेऊन जाय गे मारबत" ओरडत गावभर फिरवली. मला भरून आलं. मग वेशीवर नेऊन पेटवली. तीन टायर घालून. काळा धूर अर्धा तास. मी नुसती बघत उभी राहिले, काय बोलणार?

नवतपा (नागपूर) । २४ ऑगस्ट, रात्री ९.०६

😂 ताई, पुढच्या वर्षी गवताची करा म्हणा. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून निघते, तिने एवढा काळा धूर पाहिला नसेल.

धुऱ्यावरून (यवतमाळ) । ३० सप्टेंबर, रात्री १०.१५

फळा चालू आहे. मध्ये नऊ दिवस बंद होता, शेळीने बाटली पाडली. तीन जणांनी स्वतः नवी आणून बांधली, त्यामुळे आता गावात चार बाटल्या आहेत आणि चारही वेगळे आकडे दाखवतात. रोज सकाळी त्यावरून भांडण. ठराव पंचायत समितीत जाऊन बसला आहे. बीबीएफसाठी सहा जणांनी पैसे काढले, दहा पाहिजेत.

हवामान बदल हा शब्द फळ्यावर अजून एकदाही लिहिलेला नाही. पण परवा एका मुलीने विचारलं, "काका, हे आपल्याच गावात आहे का सगळीकडे?" कोल यांच्या अभ्यासाचं तिला सांगितलं. घरी जाऊन तिने बापाला सांगितलं, बाप दुकानात येऊन मला विचारून गेला की हे खरं का. मडक्याचं उदाहरण दिलं. पांढरं अस्वल काढलं नाही.

कास्तकार_माणूस (वाशीम) । १ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

मानत नाई म्या अजून. पन बापाच्या वहीत मिमीचा रकाना पाडला, वही पुरी त करा लागते. एक सांगा. बाटलीच्या बुडात गारगोट्या टाकल्या त त्या हलते, शून्याची रेघ खाली-वर होऊन राह्यली. काय टाकू?

मोजमाप (मूळ अकोला, सध्या पुणे) । १ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

मूठभर सिमेंट कालवून ओता, बाटली सपाट जागी उभी ठेवून वाळू द्या. रेघ त्याच्या वरच्या पातळीवर मारा.